चौकातला चोथा

ताओ रुलानबद्दल गावात कुणी बरं बोलायचं नाही. तोंडावर नाही आणि पाठीमागं तर नाहीच नाही. एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभी असलेली ही बुटकी बाई, बोटांची टोकं कायमची तपकिरी, कपाळावर कायमची आठी, आणि जीभ अशी की विचारू नका. लोक म्हणायचे, लेइ वैद्यांकडं बरं व्हायला जायचं आणि पुडी घेताना रुलाननं परत आजारी पाडायचं.

"मावशी, जरा लवकर करा ना, माझी बस आहे."

"मग बसमध्येच घे औषध. ड्रायव्हर बांधून देईल."

असं. रोज असं. सकाळी शटर उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत असंच.

पण तिचा हात! तो मात्र बघत राहावा असा होता. तिच्या मागच्या भिंतीत तीनशेच्या वर खण होते, आणि कुठल्या खणात काय हे तिला बघावं लागायचं नाही. न वळता हात मागं जायचा, खण ओढायचा, चिमूट यायची. छोटा दांडीचा काटा ती डोळ्यासमोर उचलून धरायची, एक डोळा बारीक करायची, आणि दांडी सरळ झाली की कागदावर ढीग ओतायची. प्रत्येक औषधाचा वेगळा ढीग. बारा औषधं असली तर बारा ढीग, एकमेकांना शिवायचे नाहीत. सगळं एकदम ओतलं तर चूक लपते आणि वेगळं ठेवलं तर चूक दिसते, इतकं साधं. मग वैद्याचा कागद परत वरपासून वाचायचा, एकेका ढिगावर बोट ठेवत. मगच पुडी. छताला टांगलेल्या गुंडाळीतून दोरा ओढायचा, चार फेरे, एक झटका, संपलं.

हे सगळं तिला बापानं शिकवलं होतं. बाप दुकानाच्या मागच्या अंगणात औषधं कापायचा. एका सुपारीचे शंभरावर काप काढायचा, फुंकर मारली की उडायचे. त्याचं म्हणणं एकच: आधी डोळ्यानं बघ, मग नाकानं बघ, तरी खात्री नसली तर जिभेनं बघ, कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यात शेवटी.

आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी, काउंटरपासून बरोबर अकरा पावलांवर, लेइ शाओतांग बसायचा.

तिसऱ्या पिढीचा वैद्य. गोरा, नखं कापलेली, आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. टेबलावर मनगट ठेवायला छोटी उशी. तीन बोटं नाडीवर ठेवून डोळे मिटायचा आणि अख्खं दुकान गप्प व्हायचं. मग "जीभ दाखवा," मग "झोप लागते का?" मग कागद. मागच्या खोलीत सुया टोचायचा, तुंबड्या लावायचा, गुडघ्यावर नागदवण्याची पेटती वात धरून शेकायचा. बाया पाठीवर जांभळे गोल घेऊन बाहेर यायच्या आणि ब्लाउजची मान खाली ओढून एकमेकींना दाखवायच्या, बघ माझा किती काळा आला, किती गारठा निघाला! नदीपलीकडची माणसं पहाटेच्या नावेनं येऊन त्याच्यासाठी रांग लावायची.

आणि तो खरंच चांगला वैद्य होता. हेच तर रुलानच्या डोक्यात जायचं. वाईट असता तर नुसतं हसून सोडून दिलं असतं तिनं.

या दोघांचं बारा वर्षं एकमेकांशी सरळ बोलणं नव्हतं. सुरुवात तिनंच केली होती, हे पण सांगायला पाहिजे. लेइचा पहिला दिवस होता तो. शेजारी खुर्ची टाकून त्याचा बाप बसलेला, म्हातारा लेइ, ज्याच्या नावानं दुकान चालायचं. पोरानं पहिला कागद लिहिला आणि त्यात ज्येष्ठमध लिहिलं आणि खाली समुद्रातलं शेवाळ. ही दोन एकत्र देत नाहीत. जुनी यादीच आहे कशाबरोबर काय द्यायचं नाही त्याची, काउंटरवरच्या माणसाला ती पाठ असते. अकरा पावलं चालत जाऊन हळूच सांगता आलं असतं. पण रुलाननं कागद वर धरला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं,

"हे कुणी लिहिलं? पहिल्या वर्षाचं पोर पण लिहिणार नाही हे!"

लोक हसले. म्हातारा लेइ उठला, छत्री घेतली आणि घरी गेला. पोराचे कान लाल झाले होते.

का केलं असं तिनं? कारण सतराव्या वर्षी ती याच म्हाताऱ्याकडं गेली होती, मला नाडी शिकवा म्हणून. त्यानं तिच्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाला, "ही बोटं खणातच बरी." ते तिला पचलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी पोरगा समोर सापडला आणि तिनं बापाचं उट्टं पोरावर काढलं. झालं.

त्यानंतर लेइ तिला नावानं हाक मारेना. पेशंटला कागद देताना म्हणायचा, "हा त्या हाताला द्या." हात! "हाताला सांगा तीन पुड्या." "हाताला डोकं नसतं, त्यामुळं वेळ लागेल, बसा." सगळं गोड हसत. पेशंट पण हसायचे, वैद्य किती गमतीशीर आहेत!

आणि तिच्याकडं एकच हत्यार होतं. नियम असा की औषध जहाल असलं किंवा माप जास्त असलं तर वैद्यानं त्या ओळीशेजारी परत एकदा सही करायची, मला माहीत आहे, मी मुद्दाम लिहिलंय, म्हणून. दुसरी सही नसली तर काउंटरवाल्यानं पुडी बांधायची नाही. बाकीचे काउंटरवाले वैद्याचं तोंड बघून चालवून घेतात. रुलान कधीच नाही. पेशंट बिचारा अकरा पावलं जायचा, अकरा पावलं यायचा, परत जायचा. शिव्या कुणाला बसायच्या? तिलाच.

सत्त्याऐंशी सालच्या वसंतात, एका सोमवारी, लुओ आजोबा आले. जन्मभर नदीत नाव वल्हवलेला माणूस, गुडघ्यांत पाण्याचा गारठा बसलेला, दोन काठ्यांवर. बरोबर मुलगा श्वेइशंग आणि सून छाइल्यान, लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं तिच्या. लेइनं नाडी बघितली, सुया टोचल्या आणि कागद लिहिला. पहिलीच ओळ: बचनाग, शोधलेला, तीस ग्रॅम.

बचनाग जहर आहे, हे इथं शेंबड्या पोराला पण माहीत. मिठाच्या पाण्यात भिजवून, उकडून, वाफवून तो शोधला की औषध होतो. तरीसुद्धा आधी एकटा तासभर उकळावा लागतो, मग बाकीची औषधं टाकायची. शोधलेला वरच्या खणात. कच्चा वेगळा, कुलूपबंद पेटीत, लेपासाठी, आणि किल्ली रुलानच्या कमरेला.

तिनं कागद वाचला आणि सुनेला परत केला. "तीसवर सही नाही."

छाइल्यान गेली. लेइनं कागद बघितलाच नाही, दुसऱ्याच्या नाडीवर बोटं ठेवून डोळे मिटले. ती परत आली. "ते म्हणतात एक सही पुरे."

"मला पुरत नाही."

ती परत गेली. या वेळी लेइनं पेन असं दाबलं की कागद फाटला. रुलाननं फाटलेल्या कागदावरची सही उजेडात धरून बघितली, मुद्दाम सावकाश, आणि मग काटा उचलला. वैद्यानं सांगितलं होतं आधी एकच पुडी घ्या, लागू पडतं का बघू. म्हणून एकच. तिनं बचनाग वेगळ्या छोट्या पुडीत बांधला आणि त्यावर लाल शिक्का मारला, 'आधी उकळा'.

"हे वेगळं. हे एकटं एक तास उकळायचं. घड्याळ बघून. मग बाकीचं टाकायचं. काय कळलं सांग."

"उकळायचं..."

"किती?"

सून घाबरून नवऱ्याकडं बघायला लागली.

"त्याच्याकडं काय बघतेस? तो उकळणारे का? तोंडात दात आहेत ना? मोठ्यानं सांग, किती?"

"ए... एक तास."

"सासऱ्याला मारायचं नसेल तर एक तास. जा."

रांगेतले लोक बघत होते. पोरगी लाल लाल झाली, पुडी छातीशी धरून निघाली. दारापाशी लेइच्या टेबलाजवळून जाताना तो जरासा पुढं वाकला, हसला, तिच्याशी काहीतरी बोलला. रुलाननं ते बघितलं. ऐकू आलं नाही. तिनं पुढचा कागद ओढला.

मंगळवारी सकाळी श्वेइशंग दुकानात घुसला तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"कुठंय ती? कुठंय ती म्हातारी चेटकीण?"

काल संध्याकाळी बापानं वाटीभर काढा घेतला, घटकाभरानं ओठ बधिर, मग हातपाय, मग उलट्या, आणि छाती अशी उडत होती की पांघरुणावरून दिसत होती. हातगाडीवर घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. जिवंत आहे. तिथला डॉक्टर म्हणाला अजून अर्धी वाटी गेली असती तर इथं आणायची गरज नव्हती.

मॅनेजर गुओ पळत पळत ऑफिसातून आला. लेइ उठला, अकरा पावलं चालत काउंटरपाशी आला, बारा वर्षांत पहिल्यांदा, आणि खिळ्याला टोचलेला कालचा कागद काढून सगळ्यांना दिसेल असा धरला.

"शोधलेला. माझं अक्षर स्वच्छ आहे. शेजारी दुसरी सही पण आहे, यांनीच मागितलेली." मग आवाज आणखी मऊ केला. "मी कुणावर आरोप करत नाही. पण ही लक्षणं कच्च्या बचनागाची आहेत. वय होतं माणसाचं. नजर जाते. हात चुकतो."

रुलान पांढरीफटक पडली. "मी कच्चा दिला?"

"मी म्हणालो नाही तसं."

"तेच म्हणालात!"

"किल्ली कुणाकडं असते, रुलानताई?" मॅनेजर गुओनं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. हा माणूस नेहमी असाच, आधी वारा कुठल्या बाजूनं आहे ते बघायचा. "किल्ली द्या. एप्रन काढा. दुपारी वरच्या ऑफिसातून माणसं येतील, पोलीसही येतील. कच्चा दिल्याचं ठरलं तर ते माझ्या हातात नाही. तोपर्यंत काउंटरमागं यायचं नाही."

एकतीस वर्षं! तिनं किल्ली काढायला घेतली तेव्हा कमरेची गाठ लवकर सुटेना आणि ते सगळ्यांना दिसलं, आणि लेइनं ते बघितलं, आणि तेवढ्यासाठी तिला त्याचा गळा धरावासा वाटला. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, कदाचित तुरुंग पण. पण त्याहून वाईट एकच गोष्ट होती. गावात कायमचं झालं असतं, रुलानचा हात चुकला. त्या हाताशिवाय तिच्याकडं होतं काय? गोड स्वभाव?

"चोथा कुठंय?" तिनं विचारलं.

श्वेइशंगला कळलं नाही. "काय?"

"काढ्याचा चोथा! पुडी एकच होती, ती शिजली. चोथा कुठं टाकला?"

"कुठं टाकणार? पुलाजवळच्या चौकात."

सगळे तिथंच टाकतात. काढा गाळला की चोथा चौकात ओतायचा. येणारे जाणारे तुडवतात, दुखणं त्यांच्या पायांबरोबर गावभर वाटलं जातं, घरातलं निघून जातं. झाडूवाला पण त्याला झाडू लावत नाही. आणि ज्यांना कळतं ते वाकडी वाट करून जातात.

रुलान एप्रन काउंटरवर फेकून बाहेर पडली.

बाजाराचा दिवस होता. सायकली, हातगाड्या, बांबूच्या टोपल्यांत कोंबड्या, आणि मधोमध दगडी फरशीवर तो काळपट चिखल झालेला ढीग, चाकांनी पसरलेला. ती खाली बसली, शेजारच्या दुकानातून मागितलेला वर्तमानपत्राचा कागद पसरला, आणि उचलायला लागली.

"अगं बाई!" शेवयांच्या गाडीवरची मा काकू किंचाळली. "रुलान! वेड लागलं का तुला? लोकाचं दुखणं उचलतेस?"

"बघतेय."

"अगं हात लावलास ना! घरी जाईल तुझ्या! सोड ते, सोड!"

"तुझ्या शेवयांपेक्षा स्वच्छ आहे. सरक, उजेड अडतोय."

बघता बघता गर्दी झाली, पण जवळ कुणी येईना. सगळे दोन हात लांब, जणू ढिगातून काही उडी मारणार होतं. बायांनी पोरं मागं ओढली. एक म्हातारा थुंकला. रुलान चिखलातून एकेक काप काढत होती, बोटांनी पुसत होती, वास घेत होती, आणि कागदावर ठेवत होती. दालचिनीच्या काटक्या इथं. सुंठ इथं. ज्येष्ठमध, रुंद पिवळे काप, इथं. पांढऱ्या मुळीचे पातळ काप, अर्धे फाटलेले, इथं. आणि बचनाग, एकेक. घोड्याच्या टापेखाली आलेला एक होता, तो पण तिनं फटीतून नखानं काढला. वेगवेगळे ढीग. काउंटरवर मांडायची तसेच, एकमेकांना न शिवणारे. भर चौकात, गुडघ्यांवर.

तोपर्यंत लेइ आला होता, मागं मॅनेजर, श्वेइशंग, आणि सगळ्यात मागं छाइल्यान, रडून डोळे सुजलेले.

रुलाननं बचनागाचा एक काप उन्हासमोर धरला. "काळपट. कडेनं मधासारखा आरपार दिसतोय. हा शोधलेला आहे. कच्चा पांढरा असतो, खडूसारखा."

"काढ्यात उकळलं की सगळंच काळं होतं," लेइ म्हणाला. गर्दीकडं बघत, तिच्याकडं नाही. "हे रस्त्यावर रंग बघून नाही ठरवत."

"बरोबर आहे," मॅनेजर म्हणाला.

"बरोबर आहे?" रुलान म्हणाली. "बरं."

आणि तिनं तो काप तोंडात टाकला.

गर्दीतून असा आवाज आला की विचारू नका. मा काकूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तुडवलेलं! लोकाचं दुखणं! तोंडात! रुलान चावत होती. दातांखाली कचकच वाजत होतं, अर्धं वाळू, अर्धं मुळी. तिनं डोळे मिटले नाहीत. ती लेइकडं बघत चावत होती आणि तोंडात काय होतंय ते फक्त तिलाच कळत होतं. ती म्हणाली असती काही होत नाही, तर कुणाची हिंमत होती खोटं पाडायची? कोण चावून बघणार होतं?

लेइच्या हे लक्षात आलं. "आता त्या म्हणतील जीभ ठीक आहे म्हणून. आपण कोण विचारणारे!"

कुणीतरी हसलं.

चहाचा पेला निवेल एवढा वेळ गेला. मग जिभेच्या कडेला मुंग्या आल्या. हळूहळू. मग ओठाच्या आत. ती थुंकली, तोंड बाहीनं पुसलं.

"बधिर होतंय," ती म्हणाली.

गर्दी एकदम बोलायला लागली. "बघा!" श्वेइशंग ओरडला. "स्वतःच्या तोंडानं!" लेइनं फक्त मान हलवली, दुःखी असल्यासारखी, आणि मॅनेजर गुओनं सुस्कारा टाकला, चला, मिटलं.

"गप्प!" रुलानचा आवाज काउंटरवरचाच होता. "कच्चा असता तर चावल्या चावल्या जीभ पेटली असती, मी आत्ता तुमच्याशी बोलत नसते. लेइ वैद्य, खोटं असेल तर सांगा. तुमच्या आजोबांनी लिहून ठेवलं असेल घरी." लेइनं आपल्या बुटांकडं बघितलं. "हा शोधलेला आहे. पण शिजलेला नाही." तिनं दुसरा काप घेतला आणि कट्कन मोडला. मधे फिकट, कडक, कोरडा. "पाणी आतपर्यंत गेलेलंच नाही. एक तास सोडा, हे एक बिडी ओढेपर्यंत पण उकळलं नाही. कुणी उकळलं?"

सगळ्यांनी छाइल्यानकडं बघितलं.

"तू उकळलंस?"

पोरीनं मान डोलावली.

"एकटं? आधी?"

"सगळं एकदम..." आवाज फुटतच नव्हता. "उकळी आली की उतरवलं."

श्वेइशंगचा हात वर गेला. रुलान गुडघ्यांवरून अशी उठली की त्याला कळलं पण नाही, चिखलाचे हात, सरळ त्याच्या मनगटावर. "खाली घे. मी विचारतेय अजून. तुझी पाळी नाही." आणि सुनेकडं वळून, "मी तुला काय सांगितलं होतं? तुझ्याच तोंडून वदवून घेतलं होतं ना? एक तास! मग?"

"वैद्य म्हणाले नको म्हणून!" छाइल्यान एकदम ओरडली, रडत रडत. "जाताना म्हणाले, पोरी, घाबरू नकोस, ती बाई माझ्यावरचा राग पेशंटवर काढते, शिक्के मारत बसते. औषध शोधलेलंच आहे, एक उकळी बास!"

बघे एक पाऊल पुढं सरकले.

"मग मला येऊन विचारायचं," रुलान म्हणाली. "परत यायचं. अकरा पावलं होती."

"तुम्हाला?" पोरगी तिच्याकडं बघत राहिली. "तुम्हाला परत विचारायचं, मावशी?"

यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रुलाननं चिखलाचे हात बाहीला पुसले, पुसलेलेच परत पुसले.

लेइनं घसा साफ केला. "पोर घाबरलीय. घरचे मारतील म्हणून काहीही बोलतेय. मी असं का सांगेन? मी वैद्य आहे."

"तेच म्हणतो मी!" मॅनेजर लगेच म्हणाला. "घरच्यांचा निष्काळजीपणा. दुकानाचा काही संबंध नाही. रुलानताई, तुमचं पण नाव साफ झालं, चला आता."

खरंच मिटलं होतं. तिची किल्ली परत मिळाली असती. श्वेइशंग बायकोचा खांदा धरून तिच्याकडं बघत होता आणि घरी गेल्यावर काय होणार ते त्याच्या जबड्यावर दिसत होतं. सुनेचं कोण ऐकतं? वैद्य नाही म्हणाला म्हणजे नाही.

रुलान त्याला बारा वर्षं ओळखत होती. कुणी बायको नवऱ्याला ओळखत नसेल इतकी. ती हसली, बधिर ओठांनी वाकडं.

"बरोबर आहे तुमचं, मॅनेजरसाहेब. हे कुठून असं सांगणार? यांच्यात तेवढा दम आहे का? बापाच्या शेजारी बसून मान वर करता येत नव्हती यांना. काउंटरवरच्या बाईचं म्हणणं खोडायला छाती लागते. घाबरले असतील मला. रोज सही करतातच की निमूट, मी सांगते तशी. दोन दोन वेळा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आणि लेइचे कान लाल झाले. अगदी त्या दिवसासारखे.

"घाबरेन? तुला?"

"मग काय!"

"एका पुड्या बांधणाऱ्या बाईला मी घाबरेन?" मध कुठं गेला आवाजातला कुणास ठाऊक. "माझ्या कागदावर शिक्का मारणारी तू कोण? माझं औषध किती उकळायचं ते तू ठरवणार? हो, सांगितलं मी! सांगितलं, एक उकळी बास! अर्ध्या गावाला सांगतो, तिचं ऐकू नका म्हणून! तुझ्या शिक्क्याची किंमत..."

आणि तो थांबला. उशिरा थांबला. दीडशे माणसं होती चौकात.

श्वेइशंगचा हात बायकोच्या खांद्यावरून खाली आला. तो लेइकडं बघत होता, तोंड उघडं, काही कळेनासं झाल्यासारखं. मग तो अंगात होता तेवढा जोर लावून लेइच्या पांढऱ्या बुटांवर थुंकला आणि बायकोला म्हणाला, "चल, बाबांकडं जायचंय." धड मऊ पण नाही, पण हात उचलला नाही त्यानं. तेवढंच.

रुलान खाली वाकली आणि ढीग उचलायला लागली. वेगवेगळेच बांधले, पोलिसांना दाखवायला.

"मी कधीच कुणाचं वाईट चिंतलं नाही," लेइ तिच्या डोक्यावर उभा राहून हळूच म्हणाला. सगळे पांगायला लागले होते. "तू बारा वर्षं माझं जगणं नासवलंस."

"तुम्ही माझं."

"म्हातारा मेला असता तर?"

"तर आपण दोघांनी मारला असता," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या एकटीच्या नावावर टाकला असता. सरका."

घरी नवऱ्यानं तिला विषावर उतारा म्हणून हिरव्या मुगाचं पाणी उकळून दिलं, वाटीमागून वाटी, आणि चव कशी आहे विचारलं तर तिला कशाचीच चव नव्हती. दोन दिवस शेवयांच्या गाडीवर कुणी तिच्या बाकावर बसलं नाही. मा काकूनं तिनं खाल्लेला वाडगा तिच्या डोळ्यांदेखत नदीत फेकला. वरच्या ऑफिसानं चौकशी केली, कागद भरले, लेइला सगळ्यांसमोर मान खाली घालून बसायला लावलं आणि महिन्याचा पगार कापला. बस्. बाकी काही नाही. टेबल गेलं नाही त्याचं. लोकांचं तर काय सांगायचं, शुक्रवारी पहाटेच्या नावेनं परत रांग लावली त्यांनी. नाडी चांगली बघतो ना!

लुओ आजोबा दवाखान्यातून घरी आले. गुडघे तसेच.

किल्ली परत रुलानच्या कमरेला आली. शुक्रवारी पहिला कागद घेऊन एक जाडा माणूस काउंटरपाशी आला. पहिल्याच ओळीत बचनाग, वीस ग्रॅम, शेजारी दुसरी सही, आधीच केलेली. रुलाननं कागद वाचला. काटा उचलला नाही. छोट्या पुडीचा कागद घेतला नाही, शिक्क्याला हात लावला नाही. मान वर केली आणि अख्ख्या दुकानावरून, रांगेच्या डोक्यांवरून, सरळ दाराकडं आवाज टाकला,

"लेइ वैद्य! किती वेळ उकळायचं?"

लेइची तीन बोटं कुणाच्या तरी मनगटावर होती. त्यानं मिटलेले डोळे तसेच मिटून ठेवले.

"वैद्यबुवा, पेशंट उभाय. किती?"

"एक तास," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला.

"ऐकू नाही आलं यांना."

"एक तास!" लेइ ओरडला. "आधी, एकटं, एक तास! ऐकलं?"

जाड्या माणसानं घाबरून दोघांकडं बघितलं आणि म्हणाला, "ऐकलं, ऐकलं."

"आता तुम्ही सांगा," रुलान त्याला म्हणाली आणि काटा उचलला. "किती?"